क्षमा केली म्हणजे रडायचं नाही का?

१९९९ मध्ये ओडिशात ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्याच्या दोन मुलांना गाडीत जाळून मारलं, त्यातल्या एका आरोपीची केओंझरच्या तुरुंगातून सुटका झाल्याची ती बातमी बापूने मोठ्याने वाचून दाखवली. चांगली वर्तणूक, गळ्यात हार, सगळं. मोबाइल खिशात ठेवून तो म्हणाला, "पंचवीस वर्षं होऊन गेली रे. ग्रॅहमच्या बायकोने, ग्लॅडिसने तर तेव्हाच माफ केलं होतं. धन्य बाई!"

"माफ तिने केलं," रिबेका म्हणाली. "तिच्या नावाने पावती तू कशाला फाडतोस?"

रिबेका नर्स आहे. कट्ट्यावर कमी बोलते, पण बोलते तेव्हा समोरच्याला बसायला दुसरी जागा शोधावी लागते.

बापू हटला नाही. "मला अजून आठवतं, टीव्हीवर दाखवलं होतं. नवरा गेलेला, दोन पोरं गेलेली, आणि अंत्यविधीला मायलेकी उभ्या राहून गीत गातायत. डोळ्यांत टिपूस नाही."

"टिपूस नाही हे तू टीव्हीवरून पाहिलंस? घरी जाऊन ती काय करत होती, ते दाखवलं होतं का?"

इथे मधू सरसावला. मधू बोलण्याआधी चष्मा काढतो, शर्टाला पुसतो आणि परत लावतो, तेवढ्यात आम्हाला सुटकेची संधी असते. आज कोणी घेतली नाही.

"मानसशास्त्राच्या दृष्टीने बघा. मोठा आघात झाला की माणूस सुन्न होतो. त्या सुन्नपणाला तुम्ही लोक श्रद्धा म्हणता. मिशनऱ्यांना तर तशी तालीमच असते. मरण आलं की हसून साक्ष द्यायची."

"सुन्नपणा किती टिकतो रे? महिना? सहा महिने? ती त्यानंतर २००४ पर्यंत तिथेच ओडिशात, बारिपदाला राहिली. नवरा १९६५ पासून ज्या कुष्ठरोग्यांची सेवा करत होता, त्यांच्यातच. त्याच्या नावाने हॉस्पिटल उभं राहिलं ते पाहून मगच ऑस्ट्रेलियाला गेली. सुन्न माणसाच्या हातून एवढं होतं? माझ्या वॉर्डात ये, सुन्न माणसं दाखवते. त्यांना पाण्याचा पेला धरवत नाही."

मधूने चष्मा पुन्हा काढला.

तेवढ्यात दिगू येऊन टेकला, आणि येता येताच त्याने नेहमीची काडी टाकली. "पण ते तिकडे धर्मांतरं करत होते ना?"

रिबेकाने त्याच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "फिलिप दहा वर्षांचा होता, तिमथी सहा. गाडीत झोपले होते. ते कोणाचं धर्मांतर करत होते, सांग."

दिगू गप्प. बापू म्हणाला की 'स्टेन्सला धडा शिकवायचा होता' अशा अर्थाचं वाक्य खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या २०११च्या निकालात आलं होतं. शलमोन पटकन म्हणाला, "आणि चार दिवसांत वगळलंही होतं, तेही सांग." बरं झालं तो बोलला. अर्धी गोष्ट सांगायची बापूची जुनी खोड आहे.

शलमोन आमच्या चर्चच्या पाळकांचा मुलगा. वचनं तोंडपाठ. त्याने ठेवणीतलं काढलं. "रिबेका, पण विश्वासणाऱ्याचा आदर्श तोच आहे ना? बायबलमधल्या ईयोबाने, सगळी लेकरं गेल्यावर, काय म्हटलं? परमेश्वराने दिले आणि परमेश्वराने नेले. धन्य परमेश्वराचे नाम!"

"तो पहिला अध्याय. तू तिथेच पुस्तक मिटतोस. तिसऱ्यात तोच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. ते उपासनेत कधी कोणी वाचलेलं मी ऐकलं नाही. आणि त्याचे मित्र आठवतात? सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर गप्प बसले, तोवर सोन्यासारखे होते. तोंड उघडलं आणि घोटाळा झाला."

सगळ्यांच्या नजरा मधूकडे वळल्या. "माझ्याकडे काय बघता?" तो म्हणाला, आणि दिगूला ठसका लागला.

पण रिबेका हसली नाही. या हत्येची चौकशी करणाऱ्या वाधवा आयोगापुढे ग्लॅडिसने दिलेल्या प्रतिज्ञापत्राबद्दल ती सांगू लागली. मारणाऱ्यांना शिक्षा व्हावी हे आपल्या मनातही नाही, त्यांना पश्चात्ताप व्हावा, ते सुधारावेत, असं त्यात आहे. ते सगळ्यांना माहीत असतं, भाषणात वापरलं जातं. पण त्याच कागदावर तिने हेही लिहिलंय की ग्रॅहमला का मारलं, हा प्रश्न मला कधीकधी पडतो. देव वाट दाखवायला सोबत आहे असं म्हणते, आणि लगेच विचारते, का?

"हे दुसरं वाक्य कोणी सांगत नाही," रिबेका म्हणाली. "कारण त्याने तुमचा पुतळा हलतो."

मला ते फार लागलं. आपण त्या बाईला इतक्या घाईने चौथऱ्यावर चढवलं, की तिला खाली बसून रडायला जागाच ठेवली नाही. आणि हे तिच्या एकटीचं नाही. मी माझ्याकडची भर घातली. ॲडोनायराम जडसन ब्रह्मदेशात गेलेला मिशनरी. तिथल्या आव्याच्या तुरुंगातून जिवंत सुटला, आणि १८२६ मध्ये बायको ॲन गेली, पुढच्या वर्षी तान्ही मुलगी. हा माणूस जंगलात झोपडी बांधून एकटा राहिला. स्वतःसाठी खड्डा खणून त्याच्या काठावर बसून राहायचा. देवावर माझा विश्वास आहे पण तो मला सापडत नाही, असं त्याने लिहून ठेवलं. त्यानंतर १८३४ मध्ये बायबलचं बर्मी भाषांतर पुरं केलं ते यानेच.

"म्हणजे डिप्रेशन," मधू म्हणाला.

"असेल," रिबेका म्हणाली. "पण रडायचा कोणाकडे? ज्याच्यावर रागावला होता त्याच्याचकडे ना? तू रागावलास की कोणाकडे जातोस?"

"आमच्याकडे येतो," बापू म्हणाला, "आणि दोन तास बसतो."

शलमोनला मात्र स्वस्थ बसवेना. त्याने इक्वेडोरचं काढलं. १९५६, कुरारे नदीकाठी वाओरानी आदिवासींच्या भाल्यांनी मारले गेलेले पाच तरुण मिशनरी. आणि दोनच वर्षांनी त्यांच्यातल्या जिम एलियटची विधवा एलिझाबेथ लहान मुलीला घेऊन त्याच वाओरानी लोकांत राहायला गेली. "बघ, फळ आलंच ना? त्या मरणातून किती जण विश्वासात आले!"

"आणि तीच एलिझाबेथ असा हिशेब मांडायला तयार नव्हती," रिबेका म्हणाली. "इतके मेले, इतके मिळाले, जमाखर्च जुळला, हे तिला कधी पटलं नाही. देवाला कारकून करू नका शलमोन. माझा भाऊ गेला तेव्हा आमच्या दारात येऊन हेच सांगितलं होतं. देवाची योजना आहे. मी 'का' म्हणून विचारलं, तर तुझा विश्वास कमी पडतोय म्हणाले. सोळा वर्षांची होते मी."

कोण म्हणालं, हे तिने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. त्या वेळी पाळक कोण होते हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे, आणि शलमोनला सगळ्यांत जास्त.

तो बराच वेळ चपलेने माती उकरत राहिला. मग म्हणाला, "आई गेली त्याच्या पुढच्या रविवारी पपांनी संदेश दिला. आवाज हलला नाही. मंडळी म्हणाली, काय विश्वास! आणि रात्री स्वयंपाकघरात दिवा न लावता बसायचे. मी दारातून परत फिरायचो. त्यांनासुद्धा कोणी विचारलं नाही गं. पाळकाचं सांत्वन करायला कोण येणार?"

"मी आले असते," रिबेका म्हणाली. "सांगायचं होतंस."

"तू आमच्याशी बोलत नव्हतीस तेव्हा."

"हो. नव्हते."

मला वाटतं मिशनऱ्यांचं दुःख इथेच अडकतं. त्यांना पाठवणारी मंडळी दूर असते, पत्राची वाट बघत असते, आणि त्या पत्रात शोकसुद्धा साक्ष होऊनच जावा लागतो. मुंबईत आलेला अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिककडे कॉलऱ्यात औषधं वाटून परतताना वाटेत त्याच रोगाने गेला. बायको अमेरिकेत. बातमी पोचायलाच महिने लागले असणार. तिने ती ऐकली तेव्हा ती काय बोलली असेल, हे मला जाणून घ्यायला आवडेल. त्याच्या थोरवीबद्दल तर पुष्कळ लिहून ठेवलंय.

बापूने नाक शिंकरलं. मधू म्हणाला, "हा बघा, हा सुन्न नाही."

"तू गप्प बस. रक्तदानाला सुई बघून आडवा पडला होतास, तेव्हा कोणती दृष्टी होती?"

"ती रक्तदाबाची तक्रार होती!"

"सुई टोचायच्या आधी?" रिबेका म्हणाली. "मीच होते तिथे. याच्या तोंडावर पाणी मारलं तर डोळे उघडून पहिलं वाक्य काय? अरे देवा!"

शलमोन इतका हसला की कट्ट्यावरून घसरला. मधू चष्मा पुसत सांगत राहिला की ती केवळ भाषेची सवय असते, भाषाशास्त्राच्या दृष्टीने बघितलं तर, पण ते ऐकायला कोणी शिल्लक नव्हतं.