स्मृतिभ्रंश झालेल्यांना ‘धाक दाखवा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचा सारांश असा: म्हातारपणी विसरायला होतंच, त्याला आजार म्हणू नका. आरडाओरडा, शिव्या, मारणं हा हट्ट आहे, दरडावलं की थांबतो. चुकीचं बोलले की तिथल्या तिथे दुरुस्त करा. तरी ऐकलं नाही तर संध्याकाळी गोळी देऊन झोपवा. आणि घरात बाहेरची बाई ठेवणं म्हणजे आईवडिलांना टाकणं. अशा पेशंटच्या घरी जाऊन शुश्रूषा करणं हे माझं काम आहे. हा मेसेज खरा मानून कुणी आपल्या आईवर हात उगारेल, या काळजीने लिहिते आहे.

आधी विसरण्याबद्दल. चष्मा कुठे ठेवला ते न आठवणं वयामुळे असू शकतं. जन्मभर केलेला चहा कसा करायचा हेच न सुचणं, नेहमीच्या भाजीवाल्याकडून येताना रस्ता चुकणं, हे वयाच्या खात्यावर टाकू नका. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाच्या अंदाजाने भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया, म्हणजेच स्मृतिभ्रंश, आहे. बाकीच्या ९२ टक्क्यांहून जास्त लोकांना नाही. मग ‘होतंच’ कसं म्हणायचं? शिवाय बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, पडल्यावर डोक्यात साचलेलं रक्त यांमुळेही विसरायला होतं, आणि त्यांवर उपचार आहेत. तपासणीच केली नाही तर ते कळणार कसं?

आता हट्ट. सगळ्यात जास्त नुकसान या एका शब्दाने होतं. हट्ट करायला काय हवं ते डोक्यात धरून ठेवावं लागतं, समोरच्याला कसं नमवायचं ते ठरवावं लागतं. या आजारात नेमकं तेच जमेनासं होतं. दुखणं, भीती, लाज मात्र तशीच राहते, आणि ती सांगायला शब्द सापडत नाहीत.

एका घरी आजी आंघोळीच्या वेळी त्यांना सांभाळायला ठेवलेल्या मावशींना मारायच्या, चावायच्या. ‘पहिल्यापासून तापटच आहे,’ असं घरचे म्हणत. मी बाथरूमच्या दाराशी उभं राहून नुसतं बघितलं. गाऊन काढायला मावशींनी उजवा हात वर उचलला की आजींच्या कपाळावर आठ्या यायच्या, श्वास जोरात चालायचा आणि मग फटका बसायचा. खांदा आखडलेला होता. डॉक्टरांनी आंघोळीच्या आधी घ्यायला पॅरासिटामॉल लिहून दिली. पुढून उघडणारे गाऊन शिवून घेतले. काढताना आधी चांगला हात, मग दुखरा, घालताना उलट. डोक्यावर तांब्या ओतणं बंद करून पायांपासून सुरुवात केली, खांद्यावर पंचा तसाच ठेवून. मारणं थांबलं. थोडी कुरकुर राहिली, आणि ती राहू द्यावी. आपल्याला तरी कुणी दुसऱ्याने आंघोळ घातलेली कुठे आवडेल?

हे एकाच घरचं नाही. नॉर्वेमधल्या १८ शुश्रूषागृहांतल्या ३५२ पेशंटवर केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या वेदनेवर पायरीपायरीने उपचार केले, आणि त्यांतल्या बहुतेकांना फक्त पॅरासिटामॉल दिली, त्यांचा चिडचिडेपणा आठ आठवड्यांत सुमारे १७ टक्क्यांनी कमी झाला. दरडावल्यावर पेशंट गप्प होतो, हे खरं आहे. पण तो घाबरून गप्प होतो. काय घडलं ते विसरतो, मनातली भीती मागे राहते, आणि पुढच्या वेळी तुमचा हात जवळ आला की तो आधीच अंग चोरतो.

वागणं एकदोन दिवसांत अचानक बिघडलं असेल तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. लघवीचा जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, बरेच दिवस पोट साफ न होणं, पेंग आणणारी सर्दीची गोळी, यांतलं काहीही कारण असू शकतं.

दुरुस्त करण्याबद्दल थोडंच. ‘हे अजून कसे आले नाहीत?’ असं आजी विचारतात आणि आजोबा जाऊन कैक वर्षं झालेली असतात. ‘ते वारले, किती वेळा सांगू?’ म्हटलं की त्यांच्यासाठी ती बातमी पुन्हा नवी असते, रडणंही नवं. ‘आठवण येतेय का त्यांची? त्यांना जेवायला काय आवडायचं?’ असं विचारा. यात खोटंही बोलावं लागत नाही.

गोळीचा सल्ला सरळ धोक्याचा आहे. मनोविकारांवरच्या ज्या औषधांनी पेशंटला शांत केलं जातं, त्यांनी डिमेन्शिया असलेल्या वृद्धांत मृत्यूचं प्रमाण वाढतं, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्ये दिला आणि २००८ मध्ये त्या गटातल्या जुन्या औषधांनाही लागू केला. लेवी बॉडी प्रकारच्या डिमेन्शियात याच गटातल्या हॅलोपेरिडॉल या औषधाने पेशंट अक्षरशः लाकडासारखा ताठरू शकतो. झोपेच्या गोळ्यांनी गोंधळ वाढतो, रात्री उठताना माणूस पडतो आणि खुब्याचं हाड मोडतं. पेशंटच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असेल तेव्हा डॉक्टर कमी मात्रेत, थोड्या दिवसांसाठी औषध देतात. ते त्यांनीच ठरवायचं.

राहिली बाहेरची बाई. रात्र रात्र जागून सुनेचा नाहीतर मुलाचा तोल सुटतो आणि फटका बसतो, हे मी पाहिलं आहे. मदत वेळेवर आली असती तर ते टळलं असतं. कुणाला विचारावं कळत नसेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही ‘एल्डरलाइन’ हेल्पलाइन मोफत आहे. मावशी येतील त्या दिवशी कोणता हात दुखतो, कोणत्या नावाने हाक मारली की पेशंट ओ देतो, चहा किती गोड लागतो, कशाची भीती वाटते, हे एका कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या.