‘ताऱ्यांची अंतरं म्हणजे ठोकताळे’: या मजकुरात नेमकं काय चुकलंय

मोबाइलवर पुन्हा पुन्हा फिरणारा एक मजकूर आहे. त्याचा गोषवारा असा: ताऱ्यांपर्यंत टेप घेऊन कोणी गेलेलं नाही, म्हणून अंतरं हे ठोकताळे, तेज ज्याच्या-त्याच्या नजरेवर, थर्मामीटर लावल्याशिवाय तापमान कळत नाही, आणि दिसणारे बहुतेक तारे केव्हाच विझलेत. शाळेतली मुलंही हे खरं मानू लागली आहेत, म्हणून एकेक मुद्दा पाहू.

‘अंतर हा ठोकताळा.’ जमिनीची मोजणी करणाराही नदीपलीकडचं झाड टेपने मोजत नाही. तो दोन ठिकाणांहून कोन घेतो. ताऱ्यासाठी ही दोन ठिकाणं म्हणजे सहा महिन्यांच्या अंतराने पृथ्वीच्या कक्षेतल्या समोरासमोरच्या जागा, सुमारे ३० कोटी किलोमीटर लांब. दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत जवळचा तारा जितका सरकलेला दिसतो, त्याच्या निम्मा कोन म्हणजे पराशय. पराशय १ विकला (अंशाचा ३६००वा भाग) असेल तर अंतर ३.२६ प्रकाशवर्षं.

मे महिन्यात मध्यरात्रीच्या सुमारास मुंबईतून दक्षिण क्षितिजावर जेमतेम १० अंशांवर दिसणारा ‘मित्र’ नावाचा तारा घ्या. पराशय ०.७५ विकला, म्हणून अंतर साधारण ४.४ प्रकाशवर्षं. त्याचं पूर्ण सरकणं १.५ विकला, म्हणजे नरिमन पॉइंटवरून गिरगाव चौपाटीवरचं पाच रुपयांचं नाणं दिसेल साधारण तेवढं. हवेच्या हलण्याने ताऱ्याचं बिंबच विकलाभर पसरतं, म्हणून हे काम अवघड होतं. तरीही जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलने १८३८ मध्ये हंस तारकासमूहातल्या ‘६१ सिग्नी’चं अंतर जाहीर केलं. २०१३ मध्ये सोडलेल्या ‘गाया’ यानाने वातावरणाबाहेरून १४० कोटींहून अधिक ताऱ्यांचे पराशय मोजले. फार मंद नसलेल्या ताऱ्यांसाठी त्याची चूक विकलाच्या लाखाव्या भागाच्या दोन-तीन पट असते. १००० प्रकाशवर्षांवर ही चूक १ टक्क्याच्या आसपास येते.

मृग तारकासमूहातला लालसर तारा काक्षी मात्र हट्टी आहे. त्याचं बिंब त्याच्या पराशयाच्या कित्येक पट मोठं, पृष्ठभाग डागाळलेला, त्यामुळे मध्यबिंदूच हलतो. म्हणून त्याचं अंतर ५०० ते ७०० प्रकाशवर्षं असं सांगतात. चुकीची मर्यादा सांगून दिलेला आकडा ठोकताळा नसतो.

‘तेज नजरेवर.’ ताऱ्याचं दिसणारं तेज ‘प्रती’त मोजतात; प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद. प्रतीत ५ चा फरक म्हणजे प्रकाशात बरोबर १०० पट. मुंबईच्या गच्चीवरूनही हे मोजता येतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री ९ च्या सुमारास काक्षी आणि रोहिणी दोन्ही डोक्यावर असतात. ट्रायपॉडवर ५० मिलिमीटरची लेन्स, आयएसओ १००, २ ते ५ सेकंद, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). फोकस किंचित बिघडवायचा, नाहीतर मधले पिक्सेल भरून जातात आणि मोजमाप वाया जातं. दहा फोटो घ्या. हिरव्या चॅनेलमध्ये ताऱ्याभोवतीच्या वर्तुळातली बेरीज घ्या, बाजूच्या कड्यातला आकाशाचा उजेड वजा करा. दोन्ही बेरजांच्या गुणोत्तराचा १० पायाचा लॉग गुणिले २.५, हा प्रतींतला फरक. शहराचा उजेड असा वजा होतो, विरळ ढग होत नाहीत. तुलनेला रोहिणीच घ्यावी, कारण रंग जवळचा आहे. निळसर तारा घेतला तर कॅमेऱ्यातल्या रंगांच्या फिल्टरमुळे उत्तर सरकतं. २०२० च्या फेब्रुवारीत काक्षी १.६ प्रतीपर्यंत मंदावला, हे हौशी निरीक्षकांनीही मोजलं.

अंतर आणि दिसणारं तेज हाती आलं की खरं तेज निघतं. व्याध सूर्याच्या सुमारे २५ पट. त्याच्याहून मंद दिसणारा अगस्त्य १०,००० पटींहून जास्त.

‘थर्मामीटर नाही.’ २८९८ ला केल्विनमधल्या तापमानाने भागलं की सर्वाधिक प्रकाशाची तरंगलांबी मायक्रोमीटरमध्ये मिळते. सूर्य ५७७२ केल्विन, म्हणून ०.५; काक्षी साधारण ३५०० केल्विन, म्हणून ०.८, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्तात. इथली खरी अडचण आंतरतारकीय धूळ. ती तारा आहे त्याहून लाल दाखवते आणि निव्वळ रंगावर विसंबलं तर तापमान कमी निघतं. म्हणून वर्णपटातल्या रेषा पाहतात. मेघनाद साहांनी १९२० मध्ये मांडलेलं समीकरण सांगतं की कुठल्या तापमानाला आणि दाबाला किती अणू आयनित होतील, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावतील; त्यावरून रेषांवरून तापमान कळतं. व्याधासारख्या १०,००० केल्विनच्या आसपासच्या ताऱ्यांत हायड्रोजनच्या रेषा सर्वात ठळक, काक्षीत टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे. धूळ प्रकाश कमी करते, या रेषांचा प्रकार बदलू शकत नाही.

‘बहुतेक विझलेत.’ नुसत्या डोळ्यांनी दिसणारे जवळजवळ सगळे तारे काही हजार प्रकाशवर्षांच्या आत आहेत, आणि ताऱ्यांची आयुष्यं लाखो ते अब्जावधी वर्षांची असतात. व्याधाचा प्रकाश जेमतेम साडेआठ वर्षांपूर्वीचा.