डेड कोड आणि 'अनुभवी माणसं': एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. 'डेड कोड सापडला की काढून टाका' (डेड कोड म्हणजे पडून असलेला, पण कुठेच न वापरला जाणारा कोड) या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप असे: डेड कोड शोधणाऱ्या टूलला रिफ्लेक्शन (प्रोग्रॅम चालू असताना नावाच्या स्ट्रिंगवरून फंक्शन शोधून कॉल करणं) कळत नाही, लायब्ररीचं पब्लिक एपीआय (इतरांच्या प्रोग्रॅमसाठी खुली ठेवलेली फंक्शन्स) बाहेर कोण वापरतंय ते दिसत नाही, आणि व्हल्चर या पायथनच्या टूलचा एक आकडा मी चुकीचा दिला. शेवटी तुम्ही लिहिलंत, "मोठ्या सिस्टीमवर काम केलेला माणूस चालत्या कोडला हात लावा असं सांगणार नाही."

आकड्याची चूक मान्य. न वापरलेल्या इम्पोर्टबद्दल व्हल्चर 90 टक्के खात्री देतं, मी 100 लिहिलं होतं. दुरुस्ती केली आहे, आभार.

आता ते शेवटचं वाक्य. चालत्या कोडला हात लावा असं मी कुठे म्हटलंय? शीर्षक जरी नीट वाचलं असतंत तरी हे लिहिलं नसतंत. पण तुम्ही माझा अनुभवच काढलात, म्हणून सांगतो. पगाराचा हिशेब करणाऱ्या एका जुन्या सिस्टीममध्ये करकपातीचा बग शोधण्यात माझे दोन दिवस गेले. फंक्शनचं नाव चोख, वर कॉमेंट, स्वतंत्र युनिट टेस्टसुद्धा. बदल केला, टेस्ट पास झाली, पण पगारपत्रकातला आकडा हलेना. तिसऱ्या दिवशी कळलं की त्या टेस्टशिवाय ते फंक्शन कुणी कॉलच करत नव्हतं. खरा हिशेब दुसऱ्याच फाइलमध्ये होत होता. टेस्टमुळे टूललाही ते जिवंत वाटत होतं. गिट ब्लेम (कुठली ओळ कुणी बदलली ते दाखवणारी कमांड) पाहिलं तर माझ्याआधी दोघांनी त्यातच दुरुस्त्या करून ठेवलेल्या! आणि "राहू दे, कशाला हात लावायचा" म्हणणारे सगळे माझ्याहून ज्येष्ठ होते. त्यामुळे हा सल्ला अनुभवातून येतो, हे मला तरी ऐकवू नका.

मोठीच सिस्टीम हवी असेल तर नाइट कॅपिटल ही अमेरिकी शेअर ट्रेडिंग कंपनी घ्या. 'पॉवर पेग' हा कोड त्यांनी 2003 पासून वापरला नव्हता, पण काढलाही नव्हता. 2012 मध्ये नव्या सुविधेसाठी त्याचाच जुना फ्लॅग (कोड चालू-बंद करणारी खूण) पुन्हा वापरला. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढलाच नाही, आणि 1 ऑगस्टला तिथे पॉवर पेग जागा झाला. सुमारे 45 मिनिटांत 44 कोटी डॉलरच्या वर नुकसान. डिप्लॉयमेंट चुकलं, हे खरंच. पण तो कोड वेळीच काढला असता, तर त्या सर्व्हरवर जागं व्हायला काही उरलंच नसतं. नऊ वर्षं कुणाच्या तरी "राहू दे"वर तो पडून होता.

रिफ्लेक्शनचं उत्तर लेखात आहेच: नाव स्ट्रिंग म्हणून कॉन्फिगमध्ये आणि टेम्प्लेटमध्ये ग्रेप करा (म्हणजे शोधा), तरी शंका उरली तर लॉगची एक ओळ टाका आणि वर्षअखेरचे जॉब होऊन जाईपर्यंत थांबा. पब्लिक एपीआय वेगळा विषय आहे. तिथे आधी डेप्रिकेट करतात (हे पुढे काढणार, वापरू नका असं जाहीर करतात), हे सगळ्यांनाच माहीत आहे.

नीट तपासून काढलेला कोड गिट रिव्हर्टने परत आणता आला नाही, असा प्रसंग तुमच्यावर आला असेल तर तो लिहा. लेखात तुमच्या नावासह घालीन. माझी वर्षं मात्र मोजत बसू नका.