‘बोर्डावर बसून तू काय दिवे लावणार?’ काकांच्या कमेंटला उत्तर

काका, तुमची कमेंट पूर्ण वाचली, दोन ओळींत उत्तर जमेना म्हणून इथे सविस्तर लिहितोय. (काका म्हणतोय कारण टेलिफोन खात्यातून रिटायर झालो असं तुम्हीच लिहिलंय, आणि इंदूरात तेवढ्या ओळखीवर काका चालतं.) बाकीच्यांसाठी थोडक्यात, आपल्या शहरात काही छोट्या आयएसपीवाल्यांनी (म्हणजे इंटरनेट कनेक्शन देणाऱ्या कंपन्यांनी) मिळून कम्युनिटी इंटरनेट एक्स्चेंज, म्हणजे एकमेकांचा ट्रॅफिक शहरातच अदलाबदल करायची सामायिक जागा, सुरू केलंय आणि मी त्याच्या बोर्डावर आलोय, त्यावर काकांचं म्हणणं की निक्सी (देशपातळीवरचं इंटरनेट एक्स्चेंज) असताना ह्याची गरज काय, मुंबई दहा मिलिसेकंदांवर तर आहे, आणि तू स्वतः होस्टिंगचा धंदा करतोस, म्हणजे व्हिजिटिंग कार्डावर एक ओळ वाढली आणि वर फायदाही तुझाच.

मिलिसेकंदांचं आधी उरकतो. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, मुंबईचे सहाशे-सातशे किलोमीटर जाऊन-येऊन सहा-सात मिलिसेकंद, केबल वाकडीतिकडी फिरते ते धरलं तर तुमचा दहाचा आकडा ठीकच आहे. तेवढं कोणाला जाणवत नाही, मान्य. पण मी मिलिसेकंद विकतच नाहीये. पलासियातल्या दवाखान्याचं कनेक्शन एका आयएसपीचं, त्यांचं सॉफ्टवेअर ज्या सर्व्हरवर चालतं तो विजयनगरला, दुसऱ्याच आयएसपीकडे, आणि ह्या दोघांची इंदूरात कुठेच गाठ नसेल तर पेशंटचा रिपोर्ट मुंबईची वारी करून परत येतो, त्या वारीचे पैसे दोन्ही आयएसपी ट्रान्झिटवाल्याला (त्यांचा ट्रॅफिक बाहेर वाहून नेणाऱ्या मोठ्या कंपनीला) मोजतात, आणि मध्ये कुठे जेसीबीनं केबल उखडली की इंदूरातल्या इंदूरात काम ठप्प. एक्स्चेंज म्हणजे मूळात एक स्विच (केबल एकमेकींना जोडणारी पेटी), प्रत्येकानं आपली केबल आणून त्यात लावायची आणि बीजीपीवर (नेटवर्कांनी एकमेकांना रस्ते सांगायची ठरलेली पद्धत) एकमेकांना सांगायचं की अमुक इंटरनेट पत्ते माझ्याकडे आहेत, बस. निक्सी २००३ पासून आहे, ती पण ना-नफा कंपनीच आहे, तिच्याशी भांडण कसलं? मुंबईत तर कितीतरी एक्स्चेंज एकमेकांच्या शेजारी चालतात.

आता माझा फायदा. हो, आहे. एक्स्चेंजवर ट्रॅफिक वाढला तर माझं ट्रान्झिटचं बिल कमी होईल. पण काका, ज्याचा काडीचा संबंध नाही आणि तरी बीजीपी कळतं असा माणूस आणायचा कुठून? कळणारा प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या नेटवर्कचाच असतो. मग संबंध लपवण्यापेक्षा लिहून द्यावा. आपली कंपनी कलम ८ खालची, म्हणजे ना-नफा, सरप्लस राहिला तरी डिव्हिडंड म्हणून वाटता येत नाही, आणि कंपनी कायद्याच्या कलम १८४ प्रमाणे डायरेक्टरनं आपले हितसंबंध दर आर्थिक वर्षाच्या पहिल्या बोर्ड मीटिंगला सांगावेच लागतात. आम्ही वर आणखी एक नियम घातलाय की ज्याचा विषय त्यानं उठून बाहेर जायचं. रॅकच्या (मशीन ठेवायच्या कपाटाच्या) भाड्याची चर्चा झाली तेव्हा मी बाहेर चहा पीत होतो, कारण एक कोटेशन माझ्या गिऱ्हाइकाचं होतं. मिनिट्समध्ये आहे, मागा, दाखवतो. मीटिंगला बसायची सिटिंग फी कोणालाच नाही.

आणि बोर्ड करतं काय म्हणाल तर सगळ्यांना वाटतं स्विचवर बोलत असतील. स्विच हा सोपा भाग आहे हो, राउट सर्व्हरचं (सगळ्यांचे पत्ते घेऊन बाकीच्यांना कळवणाऱ्या कॉम्प्युटरचं) सॉफ्टवेअर बर्ड फुकट मिळतं, एक्स्चेंजचा कारभार सांभाळायला आयर्लंडच्या एक्स्चेंजवाल्यांनी बनवलेलं आयएक्सपी मॅनेजर पण फुकट. झंझट दुसरीच असते. एखादा मेंबर दुसऱ्याचे पत्ते आपले म्हणून सांगायला लागला तर रात्री दोन वाजता त्याचा पोर्ट (स्विचमधलं त्याच्या केबलचं भोक) बंद करायचा अधिकार कोणाला? मोठा आयएसपी म्हणाला मी दोन पोर्ट घेतो पण त्या अमक्याला आत घेऊ नका, तर त्याला तोंडावर नाही म्हणणार कोण? पासवर्ड ज्या एका पोराकडे आहे तो उद्या बंगलोरला गेला तर? हे सगळं आधी ठरवून कागदावर ठेवणं, एवढंच बोर्डाचं काम, आणि ते इतकं कंटाळवाणं आहे की त्यासाठी भांडून कोणी येत नाही.

तुम्ही खात्यातले, म्हणून केनियाचं सांगतो. नैरोबीतल्या आयएसपींनी मिळून २००० च्या नोव्हेंबरमध्ये एक्स्चेंज सुरू केलं, तिथल्या सरकारी टेलिफोन कंपनीनं तक्रार केली की हा आमच्या मक्तेदारीवर घाला आहे, आणि महिन्याच्या आत रेग्युलेटरनं ते बंद पाडलं. मशीन धडधाकट होतं! परत सुरू व्हायला २००२ चा फेब्रुवारी उजाडला, आणि मधल्या काळात त्या लोकांनी केलं काय तर कागदपत्रं, अर्ज, मीटिंगा, लायसन्स. नुसती राउटरवाली मंडळी असती तर ते तिथेच संपलं असतं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, सुपर कॉरिडॉरवर एवढ्या चकाचक बिल्डिंगा असताना स्विच जुन्या भागात का. कारण छोट्या आयएसपींच्या केबल तिकडे जातच नाहीत, ज्या बिल्डिंगमध्ये त्या आधीपासून येतात तिथेच ठेवला. आणि ती मुद्दाम कुठल्याच मेंबरची नसलेली बघितली, कारण मेंबरच्या खोलीत स्विच गेला की बाकीच्यांना आत केबल न्यायला त्यालाच पैसे द्यावे लागतात आणि उद्या तो दर वाढवतो. भाडं थोडं जास्त पडतं, त्यावर मेंबर मंडळी कुरकुरतात, पण देतात.