कुर्त्याला रंग लागला ती चूक आमचीच, बाकीच्याबद्दलही सांगते

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला आणि काल दिवसभर आधी रजिस्टर काढून बसले, म्हणून उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल सॉरी. ज्यांनी रिव्ह्यू वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, ताईंनी जुलैत आमच्याकडून निळीतला अराशी शिबोरीचा (शिबोरी म्हणजे कापड बांधून, आवळून रंगवायची जपानी पद्धत) स्टोल आणि डाळिंबाच्या सालीत रंगवलेली पिवळी ओढणी घेतली. स्टोलचा रंग पांढऱ्या कुर्त्याला खांद्यावर लागला, ओढणीवर पहिल्याच धुण्यात करडा पट्टा उमटला, डिझाइन फोटोसारखं नाही, आणि "खरा नैसर्गिक रंग असता तर गेला नसता, आपलीच बांधणी जपानी नाव लावून १८५० ला विकतात, असा स्टोल बाहेर ४०० ला मिळतो" असं त्यांनी लिहिलंय.

कुर्त्याचं आधी बोलते. ती चूक पूर्णपणे आमची. नीळ पाण्यात विरघळत नाही, तिला चुना आणि गूळ घालून पिंपात उतरवावी लागते, मग पाणी पिवळट हिरवं होतं आणि वर तांब्यासारखी साय धरते. कापड त्यातून काढलं की पोपटी दिसतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं व्हायला लागतं. असं सात-आठ वेळा बुडवायचं, दर वेळी हवा खाऊ द्यायची, तेव्हा कुठे गडद निळा येतो. पण हा रंग धाग्यावर थर देत बसतो आणि शेवटी थोडी नीळ नुसती वरवर राहतेच, ती काढून टाकणं हे आमचं काम आहे. त्यासाठी दोन दिवस सावलीत वाळवून मग गरम पाण्यात रिठा घालून तीनदा धुवायचं, पाणी स्वच्छ आलं पाहिजे, आणि शेवटी ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघायचं, असा आमचा नियम आहे.

तुमचा स्टोल ज्या लॉटमधला, त्यात ११ नग होते. रजिस्टरमध्ये त्या लॉटसमोर धुण्याच्या रकान्यात तीनऐवजी एकच टिक आहे आणि रुमालाचा रकाना कोरा. पावसाची झड लागली होती, काहीच वाळत नव्हतं, प्रदर्शन चार दिवसांवर आलेलं, आणि "चालेल, पॅक करा" असं मीच म्हटलं होतं, माझ्याकडे काम करणाऱ्या मुलींनी नाही. कोरड्या हाताला रंग लागत नव्हता म्हणून मी पुढे गेले, घामाने काय होईल याचा विचारच केला नाही. बाकीच्या १० जणींपैकी ज्यांचे नंबर आहेत त्यांना कालच फोन केले, दोघींना असाच त्रास झालाय, त्यांचेही स्टोल परत मागवलेत.

स्टोलचे सगळे पैसे परत करते आणि स्टोल नीट धुवून तुम्हालाच परत देते, तो तुमचाच आहे. कुर्ताही पाठवा. वरवर बसलेली नीळ कोमट पाणी आणि साबणाने चोळून बरीचशी निघते, नाही निघाली तर कुर्त्याचे पैसे आम्ही देऊ.

पण ताई, रंग लागला म्हणजे तो नैसर्गिक नाही, हे बरोबर नाही. झाडाची नीळ असो की कारखान्यातली, रंगाचा रेणू एकच आहे, १८९७ पासून कारखान्यातली नीळ बाजारात आहे आणि नीट धुतलं नाही तर दोन्ही सारख्याच लागतात. जीन्सचा रंग सोफ्याला लागतो तो याच कारणाने. आमच्या निळीच्या वड्या तमिळनाडूतून येतात, कधीही या, फोडून दाखवते. आणि आम्ही कुठेही 'केमिकल फ्री' लिहीत नाही, चुना आणि तुरटी हीसुद्धा केमिकलच आहेत. हळदीचा पिवळा स्वस्त पडतो, लोक मागतात पण खूप, तरी आम्ही तो विकत नाही, कारण उन्हात तो पटकन उडतो आणि साबण लागला की लाल पडतो. पिवळ्यासाठी डाळिंबाची साल घेतो ती त्याचसाठी.

आता ओढणी. तुमचा फोटो मोठा करून बघितला. करडा पट्टा बरोबर मधोमध आहे, आडवा, सरळ, बोटभर रुंद. ओढणी वाळत घातल्यावर दोरीवर घडी पडते ना, अगदी तिथेच. मला वाटतं ती दोरी नसून लोखंडी तार असावी, गंजलेली. डाळिंबाच्या सालीत टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, असतं, शिवाय रंग पक्का बसायला तुरटी लागते आणि सुती कापड ती नीट धरत नाही म्हणून आम्ही खळ काढल्यावर ते आधी हिरड्याच्या पाण्यात काढतो, त्यातही टॅनिनच. त्याला ओलेपणी लोखंड लागलं की करडा-काळा रंग धरतो, जुनी शाई याच तत्त्वावर करायचे. आम्ही स्वतः गंजलेले खिळे आणि गूळ पाण्यात मुरवून ठेवतो आणि त्यातूनच आमचे करडे, काळे रंग निघतात. म्हणजे तुमच्या तारेने जे केलं तेच आम्ही मुद्दाम करतो.

पण हे तुम्हाला माहीत असायचं काही कारण नव्हतं. सोबतच्या कार्डावर वेगळं धुवा, सौम्य साबण वापरा, सावलीत वाळवा एवढंच आहे, तारेचं एक अक्षर नाही. नवीन कार्डं छापायला दिलीत. ओढणीचे पैसे मात्र मी परत करणार नाही, रंग आमच्याकडून नीटच बसला होता, पण तुम्ही पाठवलीत तर सगळी लोखंडाच्या पाण्यात काढून एकसारखी करडी-हिरवी करून देईन, त्याचे पैसे घेणार नाही. तो रंग फार सुंदर दिसतो, खरंच.

डिझाइनबद्दल मी तुमच्याशी सहमत नाही. अराशी म्हणजे जपानीत वादळ. कापड नळीवर तिरकं गुंडाळतात, वरून दोरा आवळत नेतात, मग सगळं एका टोकाला दाबून चुण्या करतात आणि तसंच रंगात घालतात. उलगडल्यावर वाऱ्याने तिरक्या झालेल्या पावसासारख्या रेषा दिसतात, कुठे दाट, कुठे तुटक. दोरा किती आवळला, चुणी कुठे जाड झाली यावर रेष ठरते, त्यामुळे दोन स्टोल सारखे येऊच शकत नाहीत आणि ते यावेत अशी माझी इच्छाही नाही. फक्त, फोटो दुसऱ्या नगाचा होता आणि ते बारीक अक्षरात लिहिलं होतं, हे तुमचं म्हणणं मान्य. आजपासून जो नग विकायला आहे त्याचाच फोटो लावतोय.

आणि बांधणी. बांधणी आपलीच, गुजरात-राजस्थानची, तिला आम्ही कधी जपानी म्हटलं नाही. शिबोरी हा शब्द पिळणे, आवळणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलाय, त्यातला कानोको हा प्रकार आपल्या बांधणीच्या अगदी जवळचा, बारीक ठिपके बांधायचे. पण नळीवरची अराशी आणि लाकडी फळ्यांत घडी दाबून करायची इताजिमे ही पद्धत मी तिथल्या कामाकडे बघून शिकले. जपानमध्ये अरिमात्सु म्हणून गाव होतं, १६०८ साली वसवलेलं, आता ते नागोया शहरातच येतं, तिथे तोकाइदो या जुन्या हमरस्त्यावरच्या प्रवाशांना ही कापडं विकायचे आणि आजही तिथे हे काम चालतं. ज्यांच्याकडून घेतलं त्यांचं नाव लावायचं, नाही लावलं तर ती चोरी होईल असं मला वाटतं.

किंमत तुम्हाला जास्त वाटू शकते, त्यावर वाद नाही. ४०० चा बहुतेक प्रिंट असतो, उलटा करून बघा, मागची बाजू फिकी दिसली तर प्रिंट. आमच्या एका स्टोलला बांधणं, बुडवणं, सोडवणं, धुणं धरून चार-पाच दिवस जातात आणि त्यावर तीन बायकांचे हात फिरतात. पण त्याच १८५० मध्ये नीट धुणंही आलं होतं आणि तेच तुम्हाला मिळालं नाही, म्हणून ते पैसे परत.

मेसेज केलाय, पत्ता पाठवा, कुरियर आमच्याकडून येईल. पुण्यात असाल तर दुकानातच या, सोमवारी बंद असतं, बाकी दिवस अकरा ते सात. येताना कुर्ता तसाच आणा, ब्लीच घालू नका.