कागद बोलले, साहेब पडले उघडे
आयफोनवाली ॲपल आणि ‘फोर्टनाइट’ गेमवाली एपिक यांच्या खटल्यात कोर्टाने ॲपलला आदेश दिला होता, ॲपमधून बाहेरच्या खरेदीच्या लिंक देऊ द्या. ॲपलने त्या खरेदीवरही कमिशन लावलं. सगळे त्या २७ टक्के कमिशनवरच बोलतायत, पण खरी गोम ॲलेक्स रोमन यांच्या साक्षीत आहे. ॲपलच्या अर्थविभागाचा हा उपाध्यक्ष शपथेवर सांगतो, बाहेरच्या लिंकवरून झालेल्या खरेदीवर किती घ्यायचं हे १६ जानेवारी २०२४ पर्यंत ठरलंच नव्हतं. आणि कंपनीचेच कागद म्हणतात, जुलै २०२३ मध्येच बेत शिजला होता! न्यायाधीश गोन्झालेझ रॉजर्स यांनी एप्रिल २०२५ च्या आदेशात ‘धादांत खोटं’ अशा अर्थाचे शब्द वापरून प्रकरण कोर्टाच्या फौजदारी अवमानाच्या चौकशीसाठी सरकारी वकिलांकडे धाडलं, ते बरंच केलं. (ॲपलचेच बडे अधिकारी फिल शिलर कोर्टाचा आधीचा आदेश पाळा म्हणत होते, कंपनीप्रमुख टिम कुकसाहेबांनी ऐकलं नाही.) मला जास्त खटकलं ते ॲपलच्या दिमतीच्या वकिलांचं मौन. साक्ष खोटी असल्याचं कळल्यावरही कोर्टात उभं राहून दुरुस्ती करायला एकानेही तोंड उघडलं नाही.