हॉस्पिटलच्या गेटबाहेरची टपरी आणि आतले आपण

३१ मे, म्हणजे जागतिक तंबाखूविरोधी दिन, आला की नर्सिंग कॉलेजांमध्ये ठरलेला कार्यक्रम होतो. पोस्टर स्पर्धा, काळ्या पडलेल्या फुप्फुसाचं चित्र, सामूहिक शपथ, फोटो. शपथ झाली की फोटोतले काही जण गेटबाहेरच्या टपरीवर आणि काही जणी होस्टेलच्या गच्चीवर. प्राचार्यांना हे माहीत असतं, वॉर्डनला माहीत असतं, इंचार्ज सिस्टरना तर नावंही माहीत असतात. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या तंबाखूकडे आपण शिस्तीचा प्रश्न म्हणून बघतो आणि मेमो, दंड, शपथ यांच्या पलीकडे जात नाही. मला हा सरळसरळ उपचाराचा प्रश्न वाटतो. औषधं आहेत, डोस ठरलेले आहेत, देणारे हातही तिथेच आहेत. फक्त पेशंट आपल्यातला असला की त्याचा केसपेपर निघत नाही.

आधी नेमकं चाललंय काय ते बघू. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. ओढणारे ३.८ टक्के, चघळणारे, लावणारे २४.४ टक्के. (थोडे दोन्हीकडे मोजलेले.) हॉस्पिटलात वेगळं काही दिसत नाही. भिंतीवर ‘धूम्रपान निषिद्ध’ची पाटी आणि त्याच जिन्याच्या कोपऱ्यात लाल पिचकाऱ्या. वॉर्डबॉय मामांच्या खिशात चुन्याची डबी, एखाद्या आया मावशींची सकाळची मिश्री, कुणाकडे गुटख्याची पुडी, जिच्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. इंटर्न आणि रेसिडेंट डॉक्टरांकडे सिगारेट. शिकणाऱ्या मुलामुलींकडे आता व्हेप, म्हणजे ई-सिगारेट. त्यामुळे फक्त धूम्रपानाबद्दल बोललं तर ट्रॉली ओढणारी, बेडपॅन देणारी, सिलिंडर बदलणारी माणसं हिशेबातूनच गळतात. त्यांचं व्यसन हलकं नसतं. चुना अल्कधर्मी असतो, त्याने तंबाखूतलं निकोटिन मोकळं होऊन गालाच्या आतल्या त्वचेतून भरभर शोषलं जातं. मळून चोळून खाण्यामागचं रसायनशास्त्र एवढंच.

‘यांना सगळं माहीत असून कसं करतात?’ हा प्रश्न मला फार उथळ वाटतो. माहिती असल्याने व्यसन सुटत असतं तर फार्माकॉलॉजी (औषधशास्त्र) शिकल्यावर कुणीच टपरीवर दिसलं नसतं. सवय लागते कुठे ते बघा. नाईटला बारा तासांत कागदावर ब्रेक असतो, प्रत्यक्षात नसतो. ‘जरा खाली जाऊन येतो’ हे वाक्य फक्त सिगारेटवाल्याला चालतं, कारण त्याची तलफ सगळे समजून घेतात. न ओढणाऱ्या सिस्टरने दहा मिनिटं नुसतं मोकळ्या हवेत उभं राहायचं म्हटलं तर तिच्या वाट्याला पुढचं अ‍ॅडमिशन येतं. नवीन आलेली पोरं हे पहिल्या महिन्यातच टिपतात. ज्या वॉर्डात विश्रांतीचा एकमेव मान्य परवाना सिगारेट हा असतो, तिथे सिगारेट वाढणारच.

पुढचं काम निकोटिन करतं. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. रात्री नऊला ओढलेली सिगारेट एक वाजेपर्यंत पाव उरते आणि चिडचिड, अस्वस्थपणा, इंजेक्शनचा हिशेब दोनदा करावा लागणं हे सुरू होतं. मग खाली जाऊन दोन झुरके मारले की बरं वाटतं, आणि माणूस म्हणतो की सिगारेटने टेन्शन जातं. जो ताण गेला तो बराचसा आधीच्या सिगारेटनेच आणलेला होता.

डॉक्टरांच्या तंबाखूचा सगळ्यात मोठा धडा डॉक्टरांनीच दिलाय. १९५१ मध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांना पत्रं पाठवून त्यांच्या सिगारेटच्या सवयी विचारल्या आणि मग पुढची पन्नास वर्षं त्यांचे मृत्यू मोजले गेले. २००४ च्या निकालानुसार आयुष्यभर ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. साठीत सोडणाऱ्यांना त्यातली सुमारे तीन वर्षं परत मिळाली, पन्नाशीत सोडणाऱ्यांना सहा, चाळिशीत नऊ आणि तिशीत जवळपास सगळीच. जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) विशीतल्या मुलीला काळ्या फुप्फुसाचं चित्र दाखवण्यापेक्षा हे आकडे सांगा. तिच्या हातात अजून पूर्ण वसुली आहे.

‘माझं सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) अठ्ठ्याण्णव आहे’ असं बोट दाखवत सांगणारे हमखास भेटतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटतो आणि साधा पल्स ऑक्सिमीटर त्याला ऑक्सिजनच समजतो. त्यामुळे आकडा छान दिसतो. खरं बघायचं असेल तर श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारं छोटं यंत्र लागतं. एक-दोन दिवस सिगारेट बंद ठेवली की त्यावरचा आकडा उतरलेला दिसतो. शपथेपेक्षा याचा परिणाम जास्त होतो. आणखी एक, फायर ड्रिलमध्येही फारसं कुणी सांगत नाही असं: सॅनिटायझर चोळून ओल्या हाताने लायटर पेटवू नका. त्यातलं अल्कोहोल पेट घेतं, आणि दिवसाउजेडी ती ज्योत चटकन दिसतही नाही.

पेशंटचं नुकसान मात्र वेगळ्याच वाटेने होतं. जो स्वतः तंबाखू खातो तो हिस्टरी घेताना ‘तंबाखू?’ एवढंच विचारतो, उत्तर लिहितो आणि पुढे सरकतो. सल्ला देताना जीभ अडखळते. विचारणं, सोडायला स्पष्ट सांगणं, तयारी जोखणं, मदत करणं आणि पुढची तारीख देणं, या सगळ्याला पाच मिनिटं पुरतात. बहुतेक ठिकाणी गाडी पहिल्या पायरीवर थांबते. बाळंतीण कक्षात हे विशेष खुपतं. मुंबईतल्या गर्भवतींच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू, त्यातही मुख्यतः मिश्री, वापरणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनी कमी भरलं होतं. ‘सिगारेट ओढता का?’ विचारलं तर त्या बाया खरंखरं ‘नाही’ म्हणतील. ‘दाताला काय लावता?’ असं विचारावं लागतं.

आता मुलींबद्दल. ओढणारा ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, ‘बिघडलेला’ ठरतो, पण ओढणाऱ्या सिस्टरच्या थेट चारित्र्यावर बोललं जातं. त्यामुळे ती मदत मागत नाही, लपवते, आणि लपवायला व्हेप सोयीचं. वास येतो तो आंब्याचा नाहीतर मिंटचा, आणि वस्तू दिसते पेन ड्राइव्हसारखी. होस्टेलच्या बाथरूममध्ये धूर निघाला तरी बोंब होत नाही.

पण आत असतं काय? एक लिथियम बॅटरी, एक तापणारी कॉइल आणि प्रॉपिलिन ग्लायकोल, ग्लिसरीन, फ्लेवर आणि निकोटिन यांचं द्रावण. ५ टक्के लिहिलेलं असेल तर एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम निकोटिन, म्हणजे २ मिलिलिटरच्या पॉडमध्ये (द्रावणाच्या कुपीत) १००. एका सिगारेटमधून शरीरात जातं साधारण एक ते दीड मिलिग्रॅम. पॉडमधलं सगळं शोषलं जात नाही, तरी अंदाज यावा. युरोपात मर्यादा मिलिलिटरला २० मिलिग्रॅम आहे. शिवाय यात बहुधा असतं ते सॉल्ट निकोटिन (क्षाराच्या रूपातलं) घशाला बोचत नाही. सिगारेट संपते, विझते. व्हेपला शेवट नसतो, म्हणून अभ्यास करता करता दिवसभर ओढलं जातं.

‘ब्रिटनमध्ये तर सिगारेट सोडायला व्हेप देतात’ हा युक्तिवाद खोटा नाही. निकोटिनच्या व्हेपने सिगारेट सुटण्याचं प्रमाण निकोटिनच्या पॅच (त्वचेवर लावायची पट्टी) आणि गमपेक्षा जास्त, असं चांगल्या दर्जाचे पुरावे सांगतात. पण तिथे तो आधीपासून ओढणाऱ्यांसाठी, मर्यादा घातलेला, तपासलेला माल आहे. इथे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात सगळं बंद आहे. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, साठा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्हेप ओढणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही, पण मैत्रिणींसाठी पाच मागवून खोलीत ठेवणारी मात्र अडचणीत येऊ शकते. इथे जे मिळतं ते चोरटं, त्याच्या लेबलवरच्या आकड्याची हमी कोण देणार? आणि व्हेप हातात घेणाऱ्या विशीतल्या बऱ्याच मुलींनी त्याआधी सिगारेट ओढलेलीच नसते. मग सोडवायचं काय?

उपचाराकडे येऊ. पहिला प्रश्न: झोपून उठल्यावर किती वेळात पहिली सिगारेट किंवा पहिली चिमूट? नाईटवाल्यांना ‘सकाळी’ असं विचारू नका, ते दुपारी तीनला उठतात. अर्ध्या तासाच्या आत असेल तर व्यसन पक्कं धरा आणि निकोटिन गम ४ मिलिग्रॅमचा घ्या. नाहीतर २ चा. २ चा चिठ्ठीशिवाय मिळतो. गम चुकतो तो चघळण्यात. च्युइंगगमसारखा चघळला की निकोटिन पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं, आणि माणूस म्हणतो ‘मला सूट होत नाही’. हळू चावायचा, तिखट झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, चव गेली की पुन्हा चावायचा, असा अर्धा तास. चहा, कॉफी, लिंबू सरबत यांच्यानंतर पंधरा मिनिटं थांबायचं, कारण आम्लात निकोटिन शोषलं जात नाही. पहिले सहा आठवडे एक-दोन तासांनी एक. वॉर्डात दिवसभरात तीन गम खाऊन ‘उपयोग नाही’ म्हणणारे खूप असतात. तो डोसच नव्हता.

दिवसाला दहापेक्षा जास्त सिगारेटी असतील तर पॅच: २१ मिलिग्रॅम सहा आठवडे, १४ दोन आठवडे, ७ दोन आठवडे. उठल्यावर लावायचा, मग ती संध्याकाळ का असेना. रोज जागा बदलायची, कापायचा नाही, लावल्यावर हात नुसत्या पाण्याने धुवायचे. विचित्र स्वप्नं पडली तर झोपताना काढायचा. पॅच आणि वर गरजेला गम, हे एकट्या गमपेक्षा चांगलं चालतं. गुटख्याने तोंड उघडेनासं झालेल्यांना गम देऊ नका, पॅच द्या आणि आधी दंतविभागात पाठवा. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन ही गोळ्यांची औषधं सोडायच्या तारखेच्या आधी सुरू करतात, पहिलं आठवडाभर, दुसरं एक-दोन आठवडे. ती डॉक्टरांकडून लिहून घ्या, ओळखीच्या एमआरकडून (औषध कंपनीच्या प्रतिनिधीकडून) नको. फिट येऊन गेलेल्यांना ब्युप्रोपिऑन चालत नाही, आणि सलग नाईट करणाऱ्यांनी झोपेचं वेळापत्रक डॉक्टरांना सांगावं.

सिगारेट सोडल्यावर एक चकवा बसतो. धुरातल्या घटकांमुळे यकृत कॅफिन भराभर निकामी करत असतं. धूर थांबला की तीच चार कप कॉफी अंगावर येते. धडधड होते, झोप उडते, आणि खापर ‘सोडण्या’वर फुटतं. पहिल्या आठवड्यात कॉफी निम्मी करा. हाच नियम वॉर्डातल्या पेशंटलाही लागतो. थिओफिलिन (दम्याचं), क्लोझापिन, ओलांझापिन (मानसिक आजारांची) ही औषधं चालू असलेला माणूस भरती झाल्यावर सिगारेट बंद होते, औषधाची रक्तातली पातळी चढते. सायकियाट्रीच्या पोस्टिंगला हे डोक्यात ठेवा.

व्यवस्थापनाकडून मला तीन गोष्टी हव्यात. इंडेंटमध्ये (औषधांच्या मागणीपत्रात) गम आणि पॅच, आणि कर्मचाऱ्यांना मोफत. मामा-मावशींनाही, कंत्राटी असले तरी. रात्रपाळीत सगळ्यांना सारखा ब्रेक, रोस्टरवर (ड्युटीच्या तक्त्यावर) लिहिलेला, कुणी कुणाचे पेशंट बघायचे त्या नावासकट. आणि मदत मागणाऱ्याची नोंद त्याच्या सेवापुस्तकापासून लांब. विद्यार्थिनी असेल तर घरी फोन नाही. एवढं केल्यावर मग कायदा जरूर लावा, पण सगळ्यांना. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार हॉस्पिटलच्या इमारतीत ओढल्यास दोनशे रुपयांपर्यंत दंड आहे, पण पावती फाटते ती जिन्यात बसलेल्या गावाकडच्या नातेवाइकाची. ड्युटी रूमचं दार कुणी वाजवत नाही. आवारात नर्सिंग कॉलेज असेल तर कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखू विकता येत नाही. सप्टेंबर २०२० पासून राज्यात सुटी सिगारेट विकायलाही बंदी आहे. टपरीवर दोरीला लटकणारा लायटर हा या दोन्ही नियमांचा रोजचा पंचनामा आहे.

सोडायचं ठरवलं असेल तर तारीख नाईटच्या आठवड्यात धरू नका, डे ड्युटी किंवा ऑफच्या सुरुवातीला धरा. पहिले दोन-तीन दिवस सर्वात वाईट, पण एकेक तलफ काही मिनिटांतच ओसरते. राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६, फुकट आहे, आणि तिथे तुमच्या मेट्रनला (मुख्य परिचारिकेला) कुणी कळवत नाही. महिन्याभराने एखाद्या वाईट नाईटला कुणी पुढे केलेली सिगारेट ओढली गेली, तर पॅच काढून टाकू नका आणि ‘आता सोमवारपासून’ही म्हणू नका. पॅच आहे तसाच ठेवा, एक गम तोंडात टाका आणि वर जाऊन दोनच्या व्हायटल्स (नाडी, बीपी, ताप) घ्या.